ब्राउझर टेस्टमध्ये ॲक्सेसिबिलिटी तपासणी कशी बसवायची

वेबसाइटच्या ब्राउझर टेस्ट आधीच लिहिलेल्या असतील, तर ॲक्सेसिबिलिटी तपासणीचं, म्हणजे नीट न दिसणाऱ्या किंवा फक्त कीबोर्डवर चालणाऱ्या माणसालाही साइट वापरता येते का हे पाहण्याचं, निम्मं काम झालेलं आहे. टेस्ट लॉगिन करते, मेनू उघडते, फॉर्म मुद्दाम चुकीचा भरून एरर येतो का ते पाहते. पान ज्या ज्या अवस्थेत जातं, तिथे ती पोचलेलीच असते. आपण त्या प्रत्येक अवस्थेत थोडं थांबून आणखी एक तपासणी चालवायची. इथे प्लेराइट (ब्राउझर चालवून टेस्ट करणारं साधन) आणि ॲक्स-कोअर (ॲक्सेसिबिलिटी तपासणारं इंजिन) ही जोडी धरली आहे. सायप्रेस किंवा सेलेनियम असेल तरी इंजिन तेच, जोडणीचं पॅकेज तेवढं वेगळं.

ॲक्स-कोअर हे मुक्तस्रोत इंजिन पानात शिरतं, डॉम (ब्राउझरने बनवलेली पानाच्या घटकांची रचना) आणि प्रत्यक्ष लागू झालेलं सीएसएस वाचतं आणि नियमांशी ताडून पाहतं. त्यासाठी खरा ब्राउझर हवा. जेएसडॉममध्ये, म्हणजे युनिट टेस्टमध्ये ब्राउझरऐवजी वापरल्या जाणाऱ्या नकली डॉममध्ये, काहीच रंगवलं जात नाही, त्यामुळे तिथे कॉन्ट्रास्टचा (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचा) नियम चालतच नाही. युनिट टेस्टमध्ये ॲक्स लावून निर्धास्त झालेल्या टीमच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते.

जोडणी

एनपीएमवरून ॲक्स-कोअर गटातलं प्लेराइटचं पॅकेज डेव्ह डिपेंडन्सी म्हणून घ्या. टेस्टमध्ये पान उघडल्यावर ॲक्सबिल्डरला ‘पेज’ द्या, ‘विथटॅग्ज’ने नियमांचे गट सांगा, ‘ॲनलाइझ’ला अवेट करा आणि निकालातली ‘व्हायोलेशन्स’ची यादी रिकामी असल्याची खात्री एक्स्पेक्टने करा. प्लेराइटचा नेहमीचा टेस्ट रनर असेल तर एवढं पुरतं. ब्राउझर स्वतः सुरू करत असाल, तर पान थेट ब्राउझरवर न उघडता आधी ‘न्यूकॉन्टेक्स्ट’ बनवून त्यात उघडा. नाहीतर ॲक्सबिल्डर एरर देऊन थांबतो.

टॅगच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. डब्ल्यूसीएजी (वेब ॲक्सेसिबिलिटीची प्रमाण नियमावली, ए, डबल-ए अशा पातळ्यांची) २.१ ही २.० वर रचलेली आहे, म्हणून २.१ चा डबल-ए टॅग दिला की खालचं सगळं आपोआप येईल असं वाटतं. तसं होत नाही. प्रत्येक टॅगमध्ये त्या आवृत्तीत नव्याने आलेले नियमच असतात. २.० चा ए, २.० चा डबल-ए, २.१ चा ए, २.१ चा डबल-ए असे चारही टॅग लिहावे लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीसाठी तिचा डबल-ए टॅग वेगळा द्या. बटणाचं क्षेत्र किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल आहे का हे पाहणारा नियम त्यात आहे आणि तो मूळ स्थितीत बंद असतो. टॅग दिल्यावर तो खरोखर चालला का, हे निकालाच्या ‘पासेस’ यादीत एकदा डोळ्यांनी पाहून घ्या.

ही सगळी मांडणी प्रत्येक टेस्टमध्ये कॉपी-पेस्ट करू नका. ‘टेस्ट डॉट एक्स्टेंड’ने एक फिक्श्चर (सगळ्या टेस्टना मिळणारी सामायिक तयारी) बनवा, त्यात टॅग आणि ठरलेले अपवाद ठेवा. पुढे नियम बदलला तर एकाच फाइलला हात लावावा लागेल.

तपासणी कुठे आणि कधी चालवायची

सगळ्यात जास्त विचार इथे खर्च करा. ॲक्स त्या क्षणी पानावर जे दिसतंय तेवढंच तपासतं. लपलेला मेनू, बंद मोडल (पानावर उघडणारी चौकट), न उघडलेला टॅब त्याच्या लेखी नसतातच. पान लोड झाल्याबरोबर एकदा तपासून हिरवा टिक मिळवला, तर अर्धी वेबसाइट अंधारात राहिली असं समजा. म्हणून मेनू उघडल्यावर एकदा, मोडल उघडल्यावर एकदा, फॉर्म रिकामा सबमिट करून एरर आल्यावर एकदा अशी तपासणी ठेवा. एररची अवस्था तर कधीच सोडू नका. फिकट गुलाबी पट्टीवर लाल अक्षरं ही कॉन्ट्रास्ट चुकण्याची हमखास जागा आहे, आणि वापरणारा आधीच अडखळलेला असतो तोही तिथेच.

पान पूर्ण स्थिर होण्याआधी तपासणी चालली, तर खोटे दोष निघतात. समजा, मोडल हळूहळू उमटत येतं. त्यातलं काळं अक्षर ४० टक्के अपारदर्शकतेवर असताना पांढऱ्या पार्श्वभूमीवर राखाडी दिसतं आणि कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर भरतं साधारण २.८ ला १. हवं असतं ४.५ ला १. ॲक्स त्याला दोष ठरवतं आणि त्या क्षणापुरतं ते खरंच असतं. पुढच्या वेळी मशीन जरा वेगात चाललं की तीच टेस्ट पास होते, मग टीमचा तपासणीवरचा विश्वास उडतो. इथे ‘टूबीव्हिजिबल’ पुरत नाही, कारण अपारदर्शकता शून्य असलेला घटकही प्लेराइटच्या हिशेबात दृश्यच असतो. ‘टूहॅवसीएसएस’ वापरून ओपॅसिटी १ होईपर्यंत थांबा. साइट प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन (हालचाल कमी ठेवायची वापरणाऱ्याची सेटिंग) पाळत असेल, तर ‘एम्युलेटमीडिया’ने हालचाल कमी करून टेस्ट चालवा, त्यात हा प्रश्नच मिटतो. ठरावीक मिलिसेकंद थांबायचा मार्ग टाळा. तो धीम्या मशीनवर दगा देतो.

याच्या उलट, खोटा पासही मिळतो. लॉगिन फसलं आणि टेस्ट साध्या एरर पानावर येऊन थांबली, तर त्या जवळपास रिकाम्या पानावर एकही दोष निघणार नाही. म्हणून ‘ॲनलाइझ’च्या आधी त्या पानाचं मुख्य शीर्षक किंवा एखादा ओळखीचा घटक दिसतोय, हे एक्स्पेक्टने पक्कं करा.

डार्क मोड असेल तर कॉन्ट्रास्टची तपासणी दोन्ही रंगसंगतींमध्ये चालवा. एकीत पास म्हणजे दुसरीत पास असं मुळीच नसतं.

निकाल वाचताना

निकालात चार याद्या येतात: दोष, पास, लागू नसलेले नियम आणि ‘इन्कम्प्लीट’, म्हणजे इंजिनला ठरवता न आलेलं. प्रत्येक दोषात नियमाचं नाव, तीव्रता, माहितीचा दुवा आणि सापडलेले घटक असतात, आणि घटकागणिक सिलेक्टर व ‘फेल्युअरसमरी’ मिळते. अख्खी यादी एक्स्पेक्टमध्ये टाकली तर एका दोषासाठी शेकडो ओळींचा लॉग येतो आणि तो कोणी वाचत नाही. नियम, तीव्रता, सिलेक्टर आणि समरी एवढंच काढून छापा. पूर्ण जेसॉन ‘टेस्टइन्फो डॉट अटॅच’ने रिपोर्टला जोडा.

‘फक्त क्रिटिकल दोषांवरच बिल्ड थांबवू’ हा मोह आवरा. ॲक्समध्ये कॉन्ट्रास्टची तीव्रता ‘सीरियस’ आहे, लिंकला नाव नसणंही ‘सीरियस’च. क्रिटिकलची चाळणी लावली की हे दोन्ही गळून जातात.

कॉन्ट्रास्टचा दोष नजरेला पटत नाही, म्हणून एक उदाहरण. पांढऱ्यावर हॅश ७७७ हा राखाडी घेतला तर गुणोत्तर ४.४८ येतं आणि नियम फेल होतो. हॅश ७६७६७६ घेतला तर ४.५४, पास. डोळ्याला दोन्ही सारखेच वाटतात. नियमातली रेघ कुठेतरी असणारच. रंगाच्या व्हेरिएबलमध्ये एकदा बदल केला की सगळीकडचे दोष एकदम जातात. मोठ्या अक्षराला, म्हणजे २४ पिक्सेल किंवा ठळक असल्यास सुमारे १८.६६ पिक्सेलपासून पुढे, ३ ला १ चालतं.

चित्रावर किंवा ग्रेडियंटवर ठेवलेला मजकूर बहुधा इन्कम्प्लीटमध्ये जातो. त्यावर बिल्ड थांबवू नका, पण यादी रिपोर्टमध्ये ठेवा आणि माणसाने ती अधूनमधून पाहावी.

जुनी साइट, शेकडो दोष

पहिल्याच दिवशी सगळं लाल झालं तर घाबरून तपासणी बंद करू नका. ‘एक्स्क्लूड’ हा सोपा वाटणारा उपाय महागात पडतो. तो घटक आणि त्याच्या पोटातलं सगळंच सगळ्या नियमांतून सुटतं. हेडर वगळला तर उद्या त्यात आलेलं बिननावाचं बटणही दिसणार नाही. ‘डिसेबलरूल्स’ एकाच नियमापुरतं असतं, पण ते अख्ख्या पानावर लागू होतं. त्याऐवजी सध्याच्या दोषांतून नियमाचं नाव आणि सिलेक्टर एवढ्याचाच स्नॅपशॉट साठवा आणि ‘टूमॅचस्नॅपशॉट’ने तुलना करा. जुने दोष नोंदलेले राहतात, नवा आला की टेस्ट फेल होते. एचटीएमएलचा तुकडा स्नॅपशॉटमध्ये घेऊ नका, नाहीतर एक क्लास बदलला तरी तो मोडेल. नोंदलेल्या प्रत्येक दोषासाठी टिकेट उघडा आणि दुरुस्त झाला की स्नॅपशॉटमधून काढा.

जे इंजिनला दिसत नाही

चित्राच्या ऑल्टमध्ये (चित्राऐवजी वाचून दाखवायच्या मजकुरात) कॅमेऱ्याने दिलेलं फाइलचं नाव असलं तरी नियम पास होतो. मजकूर मराठी आणि ‘लँग’ (पानाची भाषा सांगणारा कोड) इंग्रजीचा असेल तरी पास, कारण इंग्रजीचा कोड वैध असतो. स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मात्र तो मजकूर इंग्रजीच्या आवाजात वाचायला जातो आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही. इनपुटला फक्त प्लेसहोल्डर दिला असेल तरी लेबलचा नियम समाधान मानतो, आणि टाइप करायला लागताच ती सूचना पुसली जाते.

अशा गोष्टींसाठी स्वतंत्र एक्स्पेक्ट लिहा. ऑल्ट आणि बटणांची नावं ‘टूहॅवॲक्सेसिबलनेम’ने, एररचा मजकूर इनपुटशी जोडलेला आहे का हे ‘टूहॅवॲक्सेसिबलडिस्क्रिप्शन’ने तपासा. लँगचं मूल्य ‘टूहॅवॲट्रिब्यूट’ने पाहा. घटक शोधताना सीएसएस सिलेक्टरऐवजी ‘गेटबायरोल’ वापरा. बटण म्हणून वापरलेला डिव्ह त्याला सापडतच नाही आणि टेस्ट तिथेच फेल होते.

कीबोर्डची टेस्ट तर लिहायलाच हवी. मोडलसाठी क्रम असा: मोडल उघडणाऱ्या बटणावर फोकस ठेवून एंटर दाबा, फोकस मोडलच्या आत गेल्याची खात्री ‘टूबीफोकस्ड’ने करा, आतल्या घटकांच्या संख्येपेक्षा एकदा जास्त टॅब दाबून फोकस मागच्या पानाच्या घटकांवर जात नाही ना ते पाहा, मग एस्केप दाबा. मोडल बंद होऊन फोकस त्याच बटणावर परतला पाहिजे. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त चुकते. मोडल डॉममधून काढलं जातं, फोकस बॉडीवर पडतो आणि कीबोर्डवर चालणाऱ्या माणसाला पुन्हा पानाच्या सुरुवातीपासून टॅब दाबत यावं लागतं. दहा ओळींची ही टेस्ट त्याचा तो त्रास वाचवते.

सीआयमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) या तपासण्या नेहमीच्या टेस्टसोबतच चालवा. वेगळा रात्रीचा जॉब केला की दोष कोणाच्या बदलातून आला ते शोधत बसावं लागतं. पॅकेजची आवृत्ती लॉकफाइलमध्ये पक्की ठेवा. ॲक्स-कोअरच्या छोट्या आवृत्तीतही नवे नियम येतात, त्यामुळे अपडेट स्वतंत्र पुल रिक्वेस्टमध्येच करा, म्हणजे नव्या नियमाने पकडलेले दोष कोणाच्या असंबंधित बदलाच्या गळ्यात पडणार नाहीत.