काळ्या रानात फसणाऱ्या जीपला विंच बसवताना

मृगाचा एक दणका पडला की आमच्या गंगाखेडकडच्या काळ्या रानात जीप रुततेच. ट्रॅक्टरवाल्याला फोन लावावा तर त्याचाच ट्रॅक्टर कुठंतरी फसलेला. म्हणून दोन वर्षांखाली विंच घेतली, म्हणजे गाडीच्या पुढं बसणारी, बॅटरीवर चालणारी, दोर ड्रमवर गुंडाळत गाडी ओढून काढणारी मोटर.

पहिल्यांदा बसवली ती चुकली. फॅब्रिकेशनवाल्यानं पातळ पत्रा जुन्या बंपरवरच वेल्ड करून दिला. ओढ लागली अन् बंपर मधोमध धनुष्यासारखा वाकला. जीप जागची हलली नाही. सगळा ताण चेसिसनं, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यानं घ्यायचा असतो, हे तेव्हा कळलं.

विंच किती ताकदीची? भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट तरी. माझी जीप भरून दोन टन धरली, म्हणजे तीन टन. पण आपला चिखल चाक सोडत नाही, म्हणून 9,500 पौंडी घेतली, साधारण 4,300 किलोची.

पुढं शिंगांसारखे पाईप आलेला बुलबार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी क्रॅशगार्ड, मात्र नको. डिसेंबर 2017मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं अशा क्रॅशगार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय. एअरबॅगच्या गाडीत पोलादी बंपरनं सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो. माझ्या जुन्या जीपला एअरबॅग नाही, तरी बंपर मूळच्या मापाचाच ठेवला. कापाकापीआधी आरटीओत विचारून घ्या.

आता काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. बंपर उतरवा अन् पुठ्ठ्याचा साचा कापून बघा. प्लेट 6 एमएमची, दोन्ही टोकं चेसिसच्या मूळ छिद्रांतून 12 एमएमच्या 8.8 ग्रेडच्या बोल्टनं आवळलेली. चेसिसला वेल्ड मारू देऊ नका. विंच प्लेटवर आधीच बसवा. बंपर चढल्यावर खालच्या नटाला पाना पोचत नाही बगा. ड्रमचा क्लच, म्हणजे दोर मोकळा सोडायचा खटका, हातानं फिरतो का, तेही आत्ताच पाहा. मी विसरलो होतो, सगळं परत खोललं.

दोन्ही जाड केबल थेट बॅटरीला, मधे कट-ऑफ स्विच. पूर्ण ओढीला 400 अँपिअरच्या आसपास करंट जातो, त्यामुळं इंजिन चालू ठेवायचं अन् विंचला मधेमधे दम खाऊ द्यायचा.

खरी मेहनत दोर गुंडाळायची. नवा दोर ढिला गुंडाळला तर ओढीला वरचा थर खालच्यात घुसतो. बालाघाटाच्या बाजूला एका हलक्या चढावर दोराचं टोक लिंबाला बांधलं, आठ-दहा वेढे ड्रमवर ठेवून बाकी सोडला, मग हँडब्रेक जरासा ओढून जीप तशीच वर ओढत आणली. झाडाला रुंद पट्टाच घालायचा, नुसता दोर साल सोलतो. दोर ज्यातून बाहेर येतो तो फेअरलीड पोलादी दोराला रोलरचा, सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमचा. हातमोजे घालायचे, दोरावर ओली गोणी टाकायची अन् ताणलेला दोर ओलांडायचा नाही.

रानात झाड नसलं तर? स्टेपनी पुरायची. ओढीला आडवा, कंबरभर खोल खड्डा, चाक उभं, पट्टा रिममधून काढून जीपकडं तिरप्या चरातून वर. माती तुडवून घट्ट. एवढं करून दोर कप्पीतून परत जीपच्या हुकाला आणला की ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. मागच्या श्रावणात असंच निघालो. स्टेपनी उकरायला मात्र तासभर गेला.