कासवाचे पिल्लू घरी आणण्यापूर्वीची तयारी

जमिनीवर राहणाऱ्या कासवाचे पिल्लू पाळायचे असेल, तर खरेदीआधी चौकशी करावी. पिल्लू कोणत्या प्रजातीचे आहे, ते पाळण्यास कायद्याची परवानगी आहे का आणि ते पाळीव जोडीपासूनच जन्मले आहे याची कागदपत्रे मिळतात का, हे पाहून घ्यावे. तळहातावर मावणारे आफ्रिकेतील सुलकाटा कासव पूर्ण वाढल्यावर ४० किलोंच्याही पुढे जाऊ शकते, त्यामुळे जागेचा विचार आजच्या पिल्लाकडे पाहून करू नये.

त्यानंतर पिल्लाच्या घराची, म्हणजे ते ज्या पेटीत राहणार तिची, तयारी. पेटीच्या एका टोकाला उष्णतेचा दिवा लावून त्याखालचे तापमान साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाचे २५ अंशांच्या आसपास ठेवावे, म्हणजे अंग शेकायचे की सावलीत जायचे हे पिल्लू स्वतः ठरवू शकते. दोन्ही टोकांना तापमापक हवेत, केवळ अंदाजावर विसंबू नये.

उष्णतेइतकाच यूव्हीबी किरणे (उन्हातील अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारा दिवा आवश्यक आहे. या किरणांमुळे त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम शरीरात नीट शोषले जात नाही. मग हाडे ठिसूळ होतात, कवच मऊ पडते आणि पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन यासाठी उपयोगी नाही, कारण साधी काच ही किरणे जवळजवळ पूर्ण अडवते. दिवा दिसायला लख्ख असला तरी त्यातील यूव्हीबी काळाबरोबर कमी होते, म्हणून तो बसवल्याची तारीख लिहून ठेवावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा. तो किती अंतरावर टांगायचा, हेही त्याच सूचनांवरून ठरवावे.

सर्वाधिक दुर्लक्ष आर्द्रतेकडे होते, आणि माझ्या मते तयारीतला सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यायला हवा. कवचावरचे खवले पिरॅमिडसारखे उंच वाढू लागले की दोष आहारातील प्रथिनांना दिला जातो. परंतु सुलकाटाच्या पिल्लांवरील, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा परिणाम कितीतरी अधिक दिसला. म्हणून ओलावा धरणाऱ्या नारळाच्या भुश्याचा जाड थर, आत ओलसर शेवाळ असलेली लपण्याची जागा आणि आर्द्रतामापक या वस्तू आधीच आणून ठेवाव्यात. मात्र ओलावा आणि गारठा एकत्र आले तर श्वसनाचे आजार होतात, त्यामुळे आर्द्रता वाढवताना रात्रीचे तापमान घसरू देऊ नये. कोमट पाण्यात हनुवटी बुडणार नाही एवढ्या उंचीपर्यंत पिल्लाला पंधरा-वीस मिनिटे बसवण्यासाठी उथळ भांडेही लागेल. त्या पाण्यात पिल्लू पांढरट मलईसारखा पदार्थ टाकते, तो युरेट, म्हणजे लघवीतला घट्ट टाकाऊ भाग. तो वाळूसारखा कणीदार निघाला तर शरीराला पाणी कमी पडत आहे असे समजावे.

आहारात बहुतेक गवताळ प्रदेशातील प्रजातींसाठी तंतुमय पाने हवीत: कीटकनाशक न मारलेले रानगवत, जास्वंदीची व तुतीची पाने, फड्या निवडुंग. पालक रोज देऊ नये, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कुत्र्या-मांजरांचे खाद्य तर अजिबात नको. कॅल्शियमची भुकटी आणि कुरतडायला समुद्रफेस जवळ असावा. लाल पायांचे कासव मात्र जंगलातले असल्याने फळेही खाते, म्हणून प्रजातीनुसार वेगळी यादी करावी.

हे सर्व बसवून काही दिवस रिकाम्या पेटीतच दिवसरात्रीचे आकडे पाहावेत आणि ते स्थिर झाल्यावरच पिल्लू आणावे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधून ठेवावा. पहिल्या तपासणीत विष्ठेतील जंतही पाहून घ्यावेत. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

शेवटची वस्तू म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा आणि एक वही. दर आठवड्याला वजन आणि महिन्यातून एकदा कवचाची सरळ लांबी लिहावी, तसेच खवल्यांच्या मधल्या फिकट नव्या रेषा निरखाव्यात. वजन भराभर वाढवण्याची घाई करू नये. संथ पण अखंड वाढ चांगली. सलग काही आठवडे वजन घटले, डोळे सुजले किंवा नाकातून बुडबुडे आले, तर वाट न पाहता वहीसह पशुवैद्याकडे जावे.