बांधकामाआधी जमिनीत जुनं काही आहे का, हे कसं बघायचं

सोलापूरकडं प्लॉट घेतलाय, जेसीबी सांगायच्या आधी एवढं कराच. पहिलं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पांढर कुठंय? आपली रानं काळी, पण जिथं पूर्वी वस्ती होती तिथली माती राखेनं, शेणामातीनं पांढुरकी होते, आणि तिथंच खापरं निघतात.

मग नांगरट झाल्यावर, पेरणीआधी, सकाळच्या तिरप्या उन्हात चाला. पाच-दहा मीटरवर सरळ ओळी धरून चौघं-पाचजण, नजर खाली. खापराच्या काठाचा तुकडा, काचेची बांगडी, मणी, जुनी रुंद वीट दिसली की उचलू नका, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, लोकेशन टाका, कारण जागेवरनं हलवलं की त्याची निम्मी माहिती गेली. बांधावरचे शेंदूर फासलेले दगड पण नीट बघा, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, नाहीतर शिलालेख असू शकतो. हत्तरसंग कुडलचा शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आपल्याच जिल्ह्यातला, म्हणून सांगतोय.

भुईकोट किल्ल्यासारखं केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, त्यापुढं २०० मीटर परवानगी लागते.

खोदताना नाणी, मूर्ती लागली तर काम तिथंच थांबवा. १८७८ च्या निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आणि मूर्ती घासून धुवू नका हो, जुना रंग, अक्षरं जातात.