मंडईसमोर बसून पेंट मार्करने स्केच कसं करावं

जलरंगाचा हात असलेला माणूस पेंट मार्कर, म्हणजे आत दाट रंग भरलेलं पेन, घेऊन बाहेर पडला, की सवयीने आधी फिकट रंग लावतो आणि उजेडासाठी कोरा कागद राखून ठेवतो. मार्करचं गणित उलटं आहे. त्याचा रंग खालचं झाकून टाकतो, काळ्यावर पांढरा छान बसतो. म्हणून उजेड सगळ्यात शेवटी.

सरावाला पुण्याची महात्मा फुले मंडई घ्या. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून सुरू झालेली ही दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि पायथ्याशी भाजीचे ढीग. मेट्रोचं मंडई स्टेशनही जवळच आहे.

पिशवी हलकी ठेवा. पाण्यावर आधारित रंगाचे आठ मार्कर पुरतात: काळा, पांढरा, फिकट आणि गडद राखाडी, विटकरी, गडद निळा, पिवळा, हिरवा. पांढरा मात्र बारीक टोकाचा हवा, ०.७ मिमीच्या आसपास. कागद गुळगुळीत आणि जाड, किमान २०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). मी खाकी पानांची वही नेते, कारण मधली छटा कागदातच तयार मिळते.

मार्कर झाकण लावूनच हलवा, आतल्या गोळीचा खडखडाट ऐकू यायला हवा. मग रद्दी कागदावर निब, म्हणजे मार्करचं टोक, दाबत राहा, त्यात रंग उतरेस्तोवर. चित्रावर कधीही दाबू नका. एकदा घाईत मी दाबलं आणि मनोऱ्याच्या मधोमध रुपयाएवढा पांढरा डाग पडला. मार्कर उन्हात तापला असेल, तर उघडताना निब वर धरा, नाहीतर रंग भसकन बाहेर येतो.

सकाळी आठच्या सुमारास पोहोचा. गिऱ्हाइकांची वाट अडणार नाही अशी सावलीतली जागा बघा आणि शेजारच्या भाजीवाल्या मावशींना विचारूनच बसा.

पेन्सिलीला दहा मिनिटं द्या. आधी मनोऱ्याचा मधला उभा अक्ष. अष्टकोनाची एक बाजू अगदी समोर असेल, तर दोन्हीकडच्या बाजू तिरक्या, म्हणून अरुंद दिसतात. समोरची दहा धरली, तर शेजारच्या साधारण सात. तिन्ही सारख्या काढल्या की मनोरा खोक्यासारखा चपटा होतो. बहुतेकांचं चित्र इथेच फसतं.

आता सावलीची कड आखा, शेजारी वेळ लिहा आणि तिला पुन्हा हात लावू नका. तासाभरात ऊन सरकेल, तरी चित्रात आठ वाजलेलेच राहू द्या. फोटो काढून घरी पूर्ण करायचा मोह टाळा. गॅब्रिएल कँपानारिओ यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या अर्बन स्केचर्स या शहरं रेखाटणाऱ्यांच्या चळवळीचं पहिलं तत्त्वच जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहून काढण्याचं आहे.

रंगाची सुरुवात सावलीपासून, गडद निळ्याने. उन्हातल्या दगडाला फिकट राखाडी, कडेच्या बाजूंना गडद. काळा फक्त दारांच्या आतल्या अंधाराला. दगडाला लावलात तर इमारत मरून जाते. प्रत्येक थर वाळू द्या. ओल्यावर घासलं, की कागदाचा भुगा निघतो आणि खालचा रंग निबला चिकटतो. तसं झालं तर लगेच रद्दीवर रेघा ओढून निब साफ करा.

माणसं थांबणार नाहीत. डोक्याला एक ठिपका, अंगाला जाड निबचा एकच फटकारा, आणि पुढे चला.

शेवटी पांढरा. मावशी वांग्यांवर पाणी शिंपडतात तेव्हा प्रत्येक वांग्याच्या खांद्यावर एक छोटी चकाकी उठते. गडद निळ्याने केलेल्या त्या गोळ्यांवर स्वल्पविरामाएवढा पांढरा टेकवा. पाच-सहा वांग्यांना पुरे, साऱ्या ढिगाला नको.

उठण्याआधी दहा मिनिटं पान उघडं ठेवा आणि वर बटर पेपर घालूनच वही मिटा, नाहीतर समोरासमोरची पानं चिकटतात. मार्कर आडवे ठेवा. आणि ज्या मावशींनी जागा दिली, त्यांच्याकडून कोथिंबिरीची एक जुडी घ्या.