जुना सायनस: आधी नाक धुवा, मग स्प्रे

१२ आठवड्यांच्या वर नाक चोंदलेलं, वास येत नाही, म्हणजे ती साधी सर्दी राहिली नाही. नाकाच्या अस्तराखाली फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात, काम काय तर कोलॅजन बनवून टिश्यूला आधार देणं, पण अस्तर सारखं डिवचलं गेलं की हे गवंडीच भांडायला उठतात, आयएल-६, आयएल-८ (इंटरल्यूकिन) असले रासायनिक सिग्नल सोडून पांढऱ्या पेशींना बोलावत राहतात आणि सूज काही हटत नाही. म्हणून दोन दिवस स्प्रे मारून सोडून देऊ नका (मी हेच करायचो).

नाक धुवायला पाणी उकळून कोमट केलेलंच, नळाचं थेट अजिबात नाही. २४० मिलीत अर्धा छोटा चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. बेसिनवर वाका, मान तिरकी, श्वास तोंडाने, वरच्या नाकपुडीत सोडलं की खालच्यातून येतं. मग हलकंच शिंकरा.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइड स्प्रे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, नोझल मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या बाजूला. जोरात ओढू नका, घशात कडू लागलं म्हणजे औषध पोटात गेलं. रोज, काही आठवडे तरी. डोळ्याभोवती सूज आली किंवा डबल दिसायला लागलं तर थेट दवाखाना गाठा.