मुले सुट्टीला घरी येतात तेव्हा अर्धवट राहिलेली कामे : या चुका टाळा

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर राहणारी मुले अमुक तारखेला घरी येणार असे कळले की मन आनंदते आणि पाठोपाठ घरातली सगळी अर्धवट कामे डोळ्यांपुढे उभी राहतात. मग मुले समोर बसलेली असतानाही आपले चित्त त्या कामांभोवतीच घुटमळत राहते. हे टाळायचे तर कामे व्यवस्थित थांबवून ठेवता आली पाहिजेत, आणि नेमके तेच आपण शिकलेलो नसतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मुले येण्यापूर्वी सगळे आवरून टाकण्याचा संकल्प. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच मांडले होते. पुढे 1994 च्या एका अभ्यासात, प्रबंध साधारण 34 दिवसांत पूर्ण होईल असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. मुलगी येणार त्याच्या आदल्या रात्री मी तिच्या खोलीतले कपाट लावायला काढले होते. तासाभराचे काम वाटले होते. पण सकाळी ती दारात आली तेव्हा पलंगावर कपड्यांचे आणि जुन्या वह्यांचे ढीग तसेच होते, आणि खांद्यावरची बॅग कुठे ठेवावी हे न कळल्याने ती तशीच उभी राहिली. तो क्षण मला आजही टोचतो. म्हणून मुले येण्याआधीचे तीन दिवस कोणतेही नवे काम उघडू नये. जे उघडे आहे ते फक्त थांबण्याजोग्या टप्प्यापर्यंत न्यावे.

दुसरी चूक याच्या उलट आहे : काम आहे तिथेच टाकून ‘बघू नंतर’ म्हणणे. अपुरे काम अधिक लक्षात राहते, असे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये नोंदवले. स्मरणाबद्दलचा हा निष्कर्ष नंतरच्या सगळ्या प्रयोगांत टिकला नाही, पण मध्येच थांबवलेल्या कामाकडे माणूस पुन्हा वळू पाहतो, हे मारिया ओव्सियान्किना यांचे 1928 चे निरीक्षण आपल्या रोजच्या अनुभवाशी जुळते. दिलासा देणारी गोष्ट 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवली : काम पूर्ण झाले नाही तरी ते केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, की त्याचे विचार मध्येमध्ये डोकावणे कमी होते. माझ्या पावत्यांच्या फाईलवर आता एक चिठ्ठी असते : ‘सप्टेंबरपर्यंत लावून झाल्या, ऑक्टोबरच्या निळ्या पाकिटात, सोमवारी सकाळी 10 वाजता पुढे.’ ‘पावत्या लावणे’ एवढेच लिहून भागत नाही. पुढची पहिली कृती, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी लिहाव्या लागतात.

काही कामे थांबवता येत नाहीत. ती मुले झोपल्यावर लपूनछपून उरकण्यापेक्षा ‘उद्या सकाळी 9 ते 11 मी कामात असेन’ असे सरळ सांगावे. मुले आता मोठी आहेत. त्यांनाही काम म्हणजे काय ते कळते.

मात्र मोठी झाली म्हणून साठलेल्या कामांची यादी त्यांच्या हाती देणे ही आणखी एक चूक. फोन नीट करून दे, माळ्यावरचे खोके उतरव, ही औषधे कोणती ते बघ, अशी एकामागून एक वाक्ये सुरू झाली की सुट्टीला आलेल्या मुलाला आपण कामासाठीच आलो असे वाटू लागते. त्यांच्यावाचून अडणारी एक-दोन कामेच निवडावीत, ती येण्यापूर्वी फोनवर विचारावीत आणि त्यांनी दिलेली वेळ पाळावी. त्यांच्या जुन्या वस्तूंचा निर्णय मात्र त्यांचाच असतो. एका भेटीत एकच खोके पुढे ठेवावे, आणि त्यांनी ‘राहू दे’ म्हटले तर ते खरोखर राहू द्यावे.

मुले परत गेली की त्याच दुपारी कामाला जुंपून घेऊ नये. घर रिकामे वाटत असते आणि हात चालत नाही. म्हणून चिठ्ठ्यांवर वार लिहितानाच मधला एक दिवस मोकळा सोडावा आणि नंतर सर्वांत छोट्या कामाची चिठ्ठी आधी उघडावी.