राइडचा स्लॉट म्हणजे तत्काळचं तिकीट नव्हे: थीम पार्कला जाताना या चुका टाळा

मुंबईच्या माणसाला आरक्षण शिकवावं लागत नाही. सकाळी दहाच्या ठोक्याला एसीचं तत्काळ, अकराला स्लीपरचं, कुणाच्या मोबाईलवर ओटीपी येणार, नावं आधीच कुठे भरून ठेवायची, हे घराघरात पाठ आहे. पंचाईत अशी, की हीच सवय घेऊन आपण ऑरलँडोला, टोकियोला, सिंगापूरला जातो. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून आपण ते छातीशी धरून बसतो. राइडचा स्लॉट, म्हणजे ठरलेल्या वेळी लांब रांग टाळून आत जायचं आरक्षण, बऱ्याच ठिकाणी बदलता येतो, सोडता येतो, दुसऱ्याने सोडलेला दुपारी आपल्या हाती लागतो. त्याला छातीशी धरून बसलात तर पैसे वाचतील, दिवस जाईल.

याच्या अगदी उलट टोकाची मंडळीही घरोघरी असतात. 'फिरायला चाललोय, परीक्षेला नाही, गेल्यावर बघू.' त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. उरलेलं अर्धं त्यांना दीड-दीड तास रांगेत उभं करतं. आधी पक्क्या करायच्या गोष्टी दोन-तीनच असतात आणि बाकीचा दिवस मोकळाच हवा. फक्त त्या दोन-तीन कोणत्या, हे प्रत्येक पार्कात वेगळं असतं. बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

एका पार्कचं शहाणपण दुसऱ्या पार्कात

फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये जुलै २०२४पासून लायटनिंग लेन मल्टी पास आहे, म्हणजे लांब रांग टाळायचा विकतचा पास. त्यात एका पार्कातल्या तीन राइड घरबसल्या आधी निवडता येतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ही खिडकी सात दिवस आधी उघडते, इतरांना तीन दिवस आधी. इथे 'गेल्यावर बघू' महागात पडतं.

हे ऐकून कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडसाठी महिनाभर आधी ॲप उघडून बसाल, तर काहीच दिसणार नाही. तिथे त्याच दिवशी, गेटातून आत गेल्यावर स्लॉट घ्यायचे असतात. टोकियोच्या डिस्नेतही तसंच. आधी प्रवेश, मग ॲपमधून रांग टाळायचा प्रीमियर ॲक्सेस. तो विकत घ्यावा लागतो, एका राइडला एक. २०२३पासून काही राइडना मोफत प्रायॉरिटी पासही सुरू झाला. म्हणून टोकियोत खरी तयारी म्हणजे सकाळी लवकर गेटवर असणं आणि आत पाऊल टाकल्याबरोबर फोन हातात असणं. वेळापत्रक लिहून नेण्यात अर्थ नाही.

युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर, जिथे आपल्याकडची बहुतेक मंडळी पहिल्यांदा जातात, तिथे प्रकरण आणखी सोपं आहे. तिथल्या एक्स्प्रेसला, म्हणजे रांग टाळायच्या पासला, वेळच नसते. साध्या एक्स्प्रेसवर प्रत्येक राइडला एकदा, अनलिमिटेडवर कितीही वेळा, केव्हाही जा. तरीही तिथे तासातासाचा तक्ता करून नेणारी माणसं दिसतात. ओसाकाच्या युनिव्हर्सलमध्ये मात्र एक्स्प्रेस पासवर काही राइडच्या वेळा ठरलेल्या असतात आणि सुपर निंटेंडो वर्ल्ड या तिथल्या भागात शिरायला गर्दीच्या दिवशी वेगळं वेळेचं तिकीट लागतं. नाव दोन्हीकडे युनिव्हर्सल आणि एक्स्प्रेस, नियम वेगळे.

वर हे नियम दर काही वर्षांनी बदलतात. डिस्नेने १९९९मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो कागदी आणि फुकट होता. २०२१मध्ये पैसे मोजायची जिनी प्लस आली, २०२४मध्ये मल्टी पास. तेव्हा २०१९ला जाऊन आलेल्या चुलतभावाचा सल्ला प्रेमाने ऐका आणि पार्कच्या ॲपमध्ये ताजे नियम वाचा.

साडेचार की साडेपाच?

डिस्ने वर्ल्डची आगाऊ खिडकी ऑरलँडोच्या सकाळी सातला उघडते. मुंबईत तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, कारण अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ बदलतं आणि आपण इकडे साडेचारला ॲप उघडून 'अजून काहीच कसं नाही' म्हणत बसतो. उलटं झालं तर जास्त वाईट: साडेपाचला निवांत उघडलं आणि लोक तासापूर्वीच उरकून गेलेत.

आणखी एक गोष्ट जवळजवळ कुणीच मोजत नाही. डिस्नेच्या हॉटेलात न उतरणाऱ्यांची खिडकी तीन दिवस आधी उघडते आणि मुंबईहून ऑरलँडोला थेट विमान नाही. नेमकी ती वेळ तुम्ही दुबई-न्यूयॉर्क विमानात असण्याची शक्यता चांगलीच असते. विमानाचं तिकीट काढतानाच पार्कच्या दिवसातून तीन वजा करून बघा. घोळ दिसला तर पार्कचा पहिला दिवस एकाने पुढे ढकला, नाहीतर मुंबईत राहिलेल्या भावाला किंवा बहिणीला तुमच्या खात्यातून बुकिंग करायला सांगा. फक्त त्यांना सांगताना 'सकाळी सातला' असं मोघम सांगू नका.

तिन्ही स्लॉट 'सोयीच्या वेळी' घेणं

खूप विचारपूर्वक केलेली अशी ही चूक आहे. सकाळी आरामात उठू, नाश्ता करू, मग दुपारी दोन, चार आणि सहाचे स्लॉट. कागदावर छान दिसतं. पण मल्टी पासचा नियम असा, की पहिला स्लॉट वापरलात की मगच पुढचा घेता येतो. पहिलाच दोनला असेल तर दोनपर्यंत हात बांधलेले. दहा, अकरा, बारा असे घेतले असते तर पहिला साडेदहाला वापरून लगेच चौथा मिळाला असता, मग पाचवा. कडक वेळापत्रकाचा अट्टहास धरणारे दिवसाला तीन राइड करतात आणि सकाळी मोकळे झालेले सहा-सात.

म्हणून आधीचे तीन लवकरचे घ्या आणि पुढचे जमेल तसे, तिथल्या तिथे. डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंग्डम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांत राइडचे दोन गट असतात: पहिल्या गटातली एकच आगाऊ मिळते, दुसऱ्यातल्या दोन. पहिल्या गटातली निवड मात्र नीट विचार करून करा, तिथे चुकलं तर दिवसभर चुटपुट लागते. गार्डियन्स, फ्लाइट ऑफ पॅसेज अशा सगळ्यात गर्दीच्या राइड मल्टी पासमध्ये येतच नाहीत. त्यांचा सिंगल पास वेगळा, त्याचे पैसे वेगळे.

इथे एक अपवाद. टोकियोचा प्रीमियर ॲक्सेस एकदा घेतला की वेळ बदलत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. तिथे आपला तत्काळचा स्वभाव खुशाल चालवा.

'संपलं' म्हटल्यावर फोन खिशात

सकाळी स्लॉट संपलेले दिसले की बहुतेक जण सोडून देतात. पण दिवसभर लोक बेत बदलत असतात: कुणाचं पोर झोपतं, कुणाला पाऊस लागतो, कुणी दुसऱ्या पार्कात निघून जातं. सुटलेले स्लॉट लगेच ॲपमध्ये परत येतात. रांगेत उभे असताना दर थोड्या वेळाने रिफ्रेश करा. चौघांना एकत्र मिळत नसेल तर दोन-दोन करून बघा. हातात रात्री आठचा असेल तर तो सोडू नका, फक्त 'बदला'मध्ये जाऊन आधीची वेळ आली का ते पाहत राहा. आधी सोडून मग शोधणं म्हणजे बसलेली जागा सोडून दुसरी रिकामी आहे का बघायला उठणं.

रांग लहान दिसते म्हणून

समजा एका राइडमध्ये तासाला १,६०० माणसं बसतात. आरक्षणवाल्यांना त्यातल्या १,२०० जागा गेल्या, तर साध्या रांगेला उरतात ४००. म्हणजे तुमच्या पुढे दोनशेच माणसं असली तरी अर्धा तास. लांबी बघून रांगेत घुसणाऱ्याचा अंदाज याच कारणाने चुकतो. बोर्डावरची मिनिटं बघा, डोक्यांची संख्या नको.

बिनआरक्षणाचा खरा फायदा सकाळच्या पहिल्या तासात असतो, कारण तेव्हा आरक्षणवाले फारसे आलेले नसतात. डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांत उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, तो अर्धा तास झोपेत घालवू नका. आतषबाजी चालू असताना आणि शेवटच्या तासातही रांगा बऱ्यापैकी ओसरतात. एकेकटं बसायची तयारी असेल तर सिंगल रायडरची रांग आहे. मोठ्या मुलांना ती फार आवडते, आईबाबांपासून सुटका होते.

घरातल्या सगळ्यांसाठी सगळं

आजी-आजोबा रोलर कोस्टरवर बसणार नाहीत हे विमानतळावर जायच्या आधी सगळ्यांना माहीत असतं, तरी सहाच्या सहा जणांचे पास काढले जातात. 'नंतर वाटलं तर?' वाटत नाही. ज्यांना बसायचंय त्यांचेच काढा.

मुलांची उंची घरी दाराच्या चौकटीला लावून मोजा, सेंटीमीटरमध्ये. डिस्ने वर्ल्डमध्ये राइज ऑफ द रेझिस्टन्सला किमान १०२ सेंटीमीटर लागतात, स्पेस माउंटनला ११२, ट्रॉनला १२२. एका सेंटीमीटरसाठीही तिथला माणूस ऐकत नाही, आणि त्याने ऐकू नयेच. उंची कमी पडली तर रायडर स्विच मागा: एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पूर्ण रांग लावावी लागत नाही. हे ॲपमध्ये शोधत बसू नका, राइडच्या दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारा.

तारीख आपल्या शाळेची, गर्दी त्यांच्या शाळेची

मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला आठवडा धरून जपानला गेलात तर २९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक तिथे वाट पाहत असतो, अख्खा जपान सुट्टीवर. हाँगकाँगला १ मेच्या आसपास चीनच्या मुख्य भूमीवरून येणाऱ्यांची गर्दी. मग मेच्या अखेरीस सिंगापूर गाठावं, तर तिथल्या शाळांना जूनची सुट्टी सुरू. सिंगापूरला मेच्या मधल्या आठवड्यात मंगळवार-बुधवार मिळाला तर एक्स्प्रेसचे पैसे वाचूही शकतात. तारखेचा विचार स्लॉटच्या विचाराआधी करा. चुकीच्या तारखेवर कितीही चोख बुकिंग केलं तरी ते तारीख सुधारत नाही.

खोपोलीला फ्लोरिडाची तयारी

गोराईच्या एस्सेलवर्ल्डला बोटीने जाणाऱ्या पिढीला आरक्षण वगैरे काही माहीत नव्हतं. ते बंद झालं. आता मुंबईकरांसाठी २०१३पासून खोपोलीजवळचं इमॅजिका आहे. तिथे एक्स्प्रेस तिकीट मिळतं, पण साध्या कामाच्या दिवशी गेलात तर त्याची गरज पडेलच असं नाही. इथे 'उद्या निघूया का?' म्हणणारा बरोबर ठरतो. शनिवार-रविवारी किंवा नाताळात जाणार असाल तरच आधीपासून विचार करा, आणि तोही राइडपेक्षा एक्स्प्रेसवेचा जास्त. आत गेल्यावर आधी नायट्रो या रोलर कोस्टरकडे वळा. पावसाळ्यात सर आली की बाहेरच्या राइड थांबतात आणि सगळी गर्दी सलीमगढसारख्या आतल्या राइडकडे लोटते. ढग भरून आले की सर यायच्या आधीच तिकडे जा, छत्री उघडायची वाट पाहू नका.

गाडं अडलं तर

पैसे जातच नाहीत: कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का बघा. आपल्या बँका ते मुळात बंद ठेवतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार असेल तर त्या सिमचं रोमिंग चालू हवं. नुसतं परदेशी डेटाचं ई-सिम घेऊन गेलेले इथेच अडकतात. हे सगळं मुंबईत असताना एखादा छोटा व्यवहार करून तपासा.

काकूंना स्लॉट दिसतच नाही: त्यांचं तिकीट तुमच्या खात्याला जोडलेलं नाही. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर, आदल्या रात्री.

वेळ चुकली: ॲपवर वाद घालू नका, थेट राइडच्या दाराशी जा आणि शांतपणे कारण सांगा. थोडक्या उशिरासाठी बहुधा सोडतात.

राइड बंद पडली: डिस्ने वर्ल्डमध्ये तुमचा स्लॉट आपोआप असा पास होतो, जो दुसऱ्या ठराविक राइडना नंतर केव्हाही चालतो. त्याच राइडसमोर ती सुरू व्हायची वाट बघत बसू नका. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारी वीज-पाऊस जवळजवळ रोजचा असतो आणि वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबतात, तेव्हा दुपारचे स्लॉट छपराखालच्या राइडचे घेतलेले बरे.

आणि पार्क बंद व्हायला पाच मिनिटं राहिलीत, स्लॉट एकही नाही, आवडती राइड समोर आहे: जाऊन साध्या रांगेत उभे राहा. बंद व्हायच्या आधी रांगेत शिरलेल्यांना डिस्ने सहसा राइड करू देते.